उपमेची मर्यादा

अलंकारांचें नांव निघतांच शाळेंतील विद्यार्थ्यासमोर व्याख्यांची एक लांबलचक माळ उभी राहते. ‘सारखा’ दिसला कीं उपमा, ‘जणूं’ दिसला कीं उत्प्रेक्षा, अशा खुणा तो पाठ करतो, परीक्षेंत उत्तर लिहितो आणि पुढें तें सारें विसरून जातो. वास्तविक भाषेच्या अभ्यासकाला अलंकारशास्त्राइतकें उपयोगी पडणारें दुसरें शास्त्र क्वचितच असेल. कारण दुसऱ्याचें बोलणें कोठवर खरें मानावें, हें पारखण्याचीं साधनें त्यांत आहेत.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत अलंकार अवघे ४ : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढें भामह, दंडी, उद्भट, रुद्रट, मम्मट अशा शास्त्रकारांच्या हातून ही संख्या वाढत गेली आणि १६ व्या शतकांतील अप्पय दीक्षितांच्या कुवलयानंदांत ती शंभराच्या वर पोंचली. हा पसारा पाहून विद्यार्थी घाबरला तर नवल नाहीं. परंतु त्याच अप्पय दीक्षितांनीं आपल्या चित्रमीमांसेंत त्याला धीर येईल असें मर्म सांगून ठेविलें आहे. उपमा ही एकच नटी असून तीच निरनिराळीं सोंगें घेऊन काव्याच्या रंगभूमीवर नाचते, असें त्यांचें म्हणणें. हें ध्यानांत आलें म्हणजे पुष्कळसे अलंकार एका सूत्रांत ओंवले जातात.

एक साधें उदाहरण घ्यावें. ‘तळें आरशासारखें स्वच्छ आहे’ या वाक्यांत तळें हें उपमेय, आरसा हें उपमान, स्वच्छपणा हा दोहोंचा साधारणधर्म आणि ‘सारखें’ हा साम्यवाचक शब्द. चारही अंगें हजर आहेत, म्हणून ही पूर्णोपमा. यांतलें एखादें अंग गाळलें कीं लुप्तोपमा. आतां नटी सोंग पालटते. ‘तळें जणूं आरसाच’ असें म्हटलें कीं उत्प्रेक्षा. ‘तळ्याच्या आरशांत डोंगर आपलें रूप न्याहाळतो’ येथें दोहोंतला भेद पुसला गेला, हें रूपक. ‘हें तळें नव्हे, हा आरसा’ ही अपन्हुति. ‘हें तळें कीं आरसा?’ हा ससंदेह. खरोखरच आरसा समजून कोणी बालक तो उचलावयास धावलें, असें वर्णिलें तर भ्रांतिमान. ‘डोंगराच्या पायथ्याशीं आरसा पसरला आहे’ असें म्हणून तळ्याचें नांवही घेतलें नाहीं, तर उपमानानें उपमेय गिळलें, ही अतिशयोक्ति. आणि ‘आरसा फुटला कीं फुटलाच, तळ्यांत धोंडा पडला तरी तें क्षणांत पूर्ववत् होतें’ असें म्हटलें तर उपमेयच वरचढ ठरलें, हा व्यतिरेक.

सामग्री तीच, पालटला तो बोलणाराच्या निश्चयाचा सूर. उपमेंत तो केवळ साम्य सांगतो, उत्प्रेक्षेंत कल्पना करतो, रूपकांत दोन्ही वस्तू एकच म्हणतो, अपन्हुतींत तर डोळ्यांसमोरची वस्तूच नाकारतो. अलंकार ओळखणें म्हणजे हा सूर ओळखणें. ‘सारखा’ हा शब्द शोधणें नव्हे. ‘पाऊस सारखा पडत आहे’ यांत उपमेचा गंधही नाहीं. इतकेंच काय, ‘गवय गाईसारखा असतो’ या वाक्यांत खरें साम्य आहे, तरीही शास्त्रकार त्याला अलंकार म्हणत नाहींत. कारण त्यांत चमत्कार नाहीं. नैयायिकांना मात्र हेंच वाक्य प्रिय आहे. नगरांत राहणाऱ्या मनुष्यानें गवय कधीं पाहिला नाहीं. अरण्यांत राहणारानें त्याला तो गाईसारखा असतो असें सांगितलें. पुढें रानांत तसें जनावर दिसतांच त्यानें तें ओळखलें. न्यायशास्त्रांत याला उपमान हें स्वतंत्र प्रमाण मानिलें आहे. एक साम्य ज्ञान देतें, दुसरें आनंद देतें. दोहोंची गल्लत झाली कीं अनर्थ होतो.

हा अनर्थ कसा होतो तें पाहावें. ‘गुरु हा कुंभार आणि शिष्य हा मातीचा गोळा’ हें रूपक सर्वांच्या तोंडीं आहे. त्यांत साधारणधर्म उच्चारलेला नाहीं. तो ऐकणारानें भरावयाचा असतो. कोणी ‘आकार देणें’ हा धर्म भरतो, तेथवर सारें ठीक. परंतु दुसरा म्हणतो कीं, कुंभार मडकें थापटतो, म्हणून गुरूनेंही शिष्याला चोपलें पाहिजे. मडक्याला वेदना नाहीं, मातीच्या गोळ्याला शंका विचारतां येत नाहीं, हा भेद रूपकाच्या झगमगाटांत लोपतो आणि एका अलंकाराच्या आधारावर लहान मुलाच्या पाठीवर छडी उठते. रूपकानें येथें कांहींच सिद्ध केलेलें नसतें. तरीही प्रमाणाचें काम त्याच्याकडून करून घेतलें जातें. व्यासपीठावरील वक्ता आणि वृत्तपत्रांतील लेखक हेंच साधन नित्य वापरीत असतात.

यावरील उपाय मराठीच्या आद्यकाळांतच सांपडतो. १३ व्या शतकांतील चक्रधरस्वामींनीं निरूपिलेले ११४ दृष्टांत केसोबासांनीं ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथांत एकत्र केले. त्याची मांडणी त्रिविध आहे : आरंभीं सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटीं दार्ष्टांतिक. दृष्टांतांतील गोष्ट मूळ विषयाला नेमकी कोठें लागू पडते, तें दार्ष्टांतिकांत उलगडून सांगितलेलें असतें. ऐकणाराला स्वैर अनुमान काढावयास मोकळें सोडलेलें नाहीं. याच ग्रंथांत जन्मांधांनीं हत्ती चांचपून पाहिल्याचा प्रसिद्ध दृष्टांत आहे. ज्याच्या हातीं पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटतो, ज्याच्या हातीं कान लागला त्याला सुपासारखा. प्रत्येकाची उपमा आपल्या जागीं खरी. चूक एवढीच कीं, एका अंगाचें साम्य त्यानें सबंध हत्तीवर लादलें.

तेव्हां विद्यार्थ्यानें अलंकार ओळखून थांबूं नये. उपमेय कोणतें, उपमान कोणतें, साधारणधर्म कोणता, हे तीन प्रश्न तर त्यानें विचारावेतच. परंतु साम्य कोठें संपतें, हा चौथा प्रश्नही विचारावा. काव्य वाचतांना या प्रश्नानें रसभंग होत नाहीं. उलट कवीनें किती नेमकें साम्य टिपलें तें कळून आनंद दुणावतो. आणि कोणी रूपकाच्या बळावर काय करावें व काय करूं नये हें सांगूं लागला, तर हाच प्रश्न त्याच्या उपयोगीं पडतो.