रबराचा साचा: थर पातळ, घाई नको



पेणच्या गणपती कारखान्यांत एकाच रूपाच्या मूर्तींच्या रांगा लागलेल्या दिसतात.
मूळ मूर्ती मात्र एकच. मातीची.
मधला दुवा असतो, रबराचा साचा.

रबरच का?

सोंडेची वळणं, बोटांमागच्या खाचा, कानामागची पोकळी.
प्लास्टरचा कडक साचा अशा जागी अडकतो.
ओढला, तर काहीतरी तुटतं.
रबर मात्र पायमोज्यासारखं उलटं सोलून काढता येतं.

हे रबर म्हणजे झाडाचा चीक, लॅटेक्स.
त्याला अमोनियाचा उग्र वास येतो.
म्हणून खिडक्या उघड्या ठेवा.

मातीच्या मूर्तीवर तो ब्रशनं लावायचा.
पहिला थर सगळ्यात नाजूक.
त्यात बुडबुडा राहिला, तर पुढच्या प्रत्येक मूर्तीच्या गालावर पुटकुळी आलीच म्हणा!

थर पातळ हवा.
तो पूर्ण वाळू द्यायचा.
मगच पुढचा.
असे बरेच थर. मध्ये जाळीदार कापडाच्या पट्ट्या.

पुन्हा सांगते, थर पातळ, आणि प्रत्येक थर वाळलेला.
जाड थर वरून सुकतो, आतून ओलाच राहतो.

नुसतं रबर लोंबतं.
म्हणून बाहेरून प्लास्टरचं कवच घालतात, दोन भागांत.
दोन्ही भाग एकमेकांना चिकटू नयेत, म्हणून जोडावर साबणाचं पाणी लावतात.

साचा काढताना आतली माती बहुधा मोडते.
मोडू द्या. तिचं काम झालेलं असतं.

मग साचा धुवायचा, वाळवायचा, कवचात बसवून सावलीत ठेवायचा.
ऊन आणि तेल, दोन्ही रबराचे वैरी.