रक्तातील आकडा आणि रुग्णाची नोंद



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून वैद्यकाविषयी बोलण्याचा अधिकार वास्तविक डॉक्टरांचा. आम्ही पडलो केंद्र सरकारचे अधिकारी, पदवी बी. ए.ची. परंतु कागद कसा वाचावा हे आम्हांस नोकरीने शिकविले आहे आणि आजचा विषय एका कागदाचाच आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर नातलगांच्या हाती पडणारा रक्ततपासणीचा अहवाल, हा तो कागद.

तंजावरकरांस हा विषय परका वाटू नये. सरफोजी महाराजांनी (१७७७–१८३२) धन्वंतरी महाल उभारला आणि नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसह लिहवून घेतल्या. ते कागद सरस्वती महालात आजही जपलेले आहेत. उपचाराची परीक्षा परिणामावरून करावी आणि परिणाम लिहून ठेवावा, ही शिस्त आपल्या गावाने फार पूर्वीच पाहिलेली आहे.

देशातील पहिली यशस्वी बायपास शस्त्रक्रिया १९७५ साली मद्रासच्या पेरंबूर येथील रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. आज ती नित्याची झाली आहे. शस्त्रक्रियेनंतर रक्तात ‘ट्रोपोनिन’ नावाचे प्रथिन मोजतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरते. एरवी ते वाढलेले दिसले की हृदयविकाराच्या झटक्याची शंका येते. परंतु शस्त्रक्रियेत शल्यविशारदाचा हात प्रत्यक्ष हृदयालाच लागतो, बहुधा ते काही काळ थांबवावेही लागते. म्हणून हा आकडा जवळजवळ प्रत्येकाचा वाढतो.

मग भय केव्हा मानावे? १२ देशांतील २४ रुग्णालयांमधील १३,८६२ रुग्णांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २९६ रुग्ण, म्हणजे शेकडा सुमारे दोन, तीस दिवसांच्या आत दगावले. पूर्वीच्या व्याख्या नेहमीच्या कमाल मर्यादेच्या १०, ३५ किंवा ७० पटींना धोक्याची रेषा मानीत. या अभ्यासात मात्र, केवळ बायपास किंवा महाधमनीची झडप बदलल्यानंतरच्या पहिल्या दिवसात, मृत्यूचा धोका वाढलेला आढळला तो २१८ पटींपासून पुढे. याचा अर्थ त्याखाली सारे निर्धास्त, असा नव्हे. हृदयाचा आलेख, रक्तदाब आणि रुग्णाची अवस्था यांच्याशी तो आकडा ताडून पाहावाच लागतो.

याच्या उलट उदाहरण क्रिएटिनिनचे. ४८ तासांत ते केवळ ०.३ मिलिग्रॅमने वाढले, तरी मूत्रपिंडाला इजा झाल्याची ती खूण मानतात. म्हणजे एके ठिकाणी शेकडो पटींचा आकडा अपेक्षित असू शकतो, तर दुसरीकडे दशांशाचा फरक दुर्लक्षून चालत नाही. लॅक्टेटचेही तसेच. शरीराच्या पेशींना प्राणवायू पुरेसा पोहोचतो की नाही याची ते सूचना देते. ते एकदा किती होते यापेक्षा उतरत आहे की चढत आहे, हे महत्त्वाचे.

आम्ही कचेरीत एकच टिपण पाहून निर्णय देत नाही, मागची पाने उलटतो. येथेही तोच न्याय. अहवालावरील एका तारांकित आकड्याने घरोघरी झोप उडते, आणि गावातून मोठ्या शहरात रुग्ण नेताना मागचे कागद मात्र घरीच राहतात. शस्त्रक्रियेपूर्वीचे क्रिएटिनिन ठाऊक नसेल, तर नंतरचे वाढले की नाही हे डॉक्टरांनी तरी कसे सांगावे?

म्हणून आमची विनंती एवढीच. प्रत्येक घरात आरोग्याची एक वही असावी. तीत तपासणीची तारीख, वेळ, प्रयोगशाळा आणि आकडा लिहावा. डॉक्टरांस तीन गोष्टी विचाराव्यात: पूर्वी किती होते, आता कोणत्या दिशेने चालले आहे, आणि रुग्णाच्या स्थितीशी ते जुळते काय?

महाराजांच्या गावातील माणसांनी वही ठेवणे, यात नवे ते काय?