नेमक्या मापाचे भोक



विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा ठोका आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांत बसलेला असतो. त्या ठोक्यात एखादे दिवशी दुसराच एक कोरडा टकटक आवाज मिसळू लागतो. मिस्त्री येतो, कान देऊन ऐकतो, इंजिन उघडतो आणि सांगतो, "गजनपिनचा बुश गेला." हा बुश म्हणजे पितळेसारख्या दिसणाऱ्या धातूची, हाताच्या मुठीत मावेल एवढी आखूड नळी. कनेक्टिंग रॉडच्या लहान टोकात ती घट्ट बसवलेली असते आणि तिच्यातून पिस्टनची पिन जाते. इंजिनाच्या मानाने बुशाची किंमत अगदी थोडी. पण तो नीट बसला नाही, तर महिन्या-दोन महिन्यांत इंजिन पुन्हा उघडावे लागते. आणि ऐन पाण्याच्या पाळीला इंजिन बंद पडले, म्हणजे नुकसान बुशाच्या किमतीत मोजता येत नाही. हा बुश बसतो की बिघडतो, हे त्याच्या आतल्या भोकावर ठरते. ते भोक शेवटच्या मापाला आणणारे जे हत्यार आहे, त्याचे नाव रीमर. त्याचीच माहिती आज सांगायची आहे.

भोक पाडायचे तर ड्रिल आहेच, मग आणखी एक हत्यार कशाला, असे कोणी विचारील. ड्रिलला कापणाऱ्या धारा दोनच. टोक थोडे जरी एका बाजूला कललेले असले, तरी भोक ड्रिलपेक्षा मोठे पडते, पुरते गोल राहत नाही आणि त्याच्या अंगावर ओरखडे उठतात. नुसता बोल्ट घालायचा असेल तर एवढे चालते. पण जिथे पिन फिरायची आहे आणि मध्ये तेलाचा पातळ थर टिकायचा आहे, तिथे ते चालत नाही.

नेमके म्हणजे किती नेमके? सुतार-गवंडी सुतात बोलतात; इंचाची आठ सुते. यंत्रशाळेत मिलिमीटरचे हजार भाग करतात आणि एका भागाला मायक्रॉन म्हणतात. 20 मिलिमीटरच्या भोकाला नेहमीचे जे प्रमाण लावतात, त्यात भोक 20 पेक्षा लहान असता कामा नये आणि 20.021 पेक्षा मोठे असता कामा नये. म्हणजे सगळी मोकळीक 21 मायक्रॉनांची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या जागेत कारागिराला आपले काम बसवायचे असते. हे काम नुसत्या नजरेने होत नाही. त्याला हत्यारच लागते.

रीमरला चारपासून दहा-बारापर्यंत दात असतात. तो नवे भोक पाडीत नाही. पाडलेल्या भोकाच्या अंगावरून पातळ साल काढतो. कापण्याचे काम त्याच्या पुढच्या उतरत्या तोंडाशी होते. मागचा सरळ भाग भोकाला धरून चालतो. चांगल्या रीमरचे दात एकमेकांपासून अगदी सारख्या अंतरावर नसतात. ते मुद्दाम कमीजास्त ठेवतात, कारण सारखे अंतर असले तर हत्यार थरथरू लागते आणि भोकात पैलू पडतात.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. रीमर भोकाचे माप सुधारतो, गोलाई सुधारतो, अंग गुळगुळीत करतो. पण भोकाची जागा सुधारीत नाही. भोक वाकडे पडले असेल तर रीमरही त्याच वाकड्या वाटेने जातो. म्हणून भोक सरळ आणि जागेवर पाडण्याचे काम आधीच व्हायला हवे. 'पुढे रीमर आहेच, तो सांभाळून घेईल,' असे म्हणून चालायचे नाही.

रीमर निवडायचा कसा? हाताने चालवायच्या रीमरचे तोंड लांब आणि हळूहळू निमुळते असते, म्हणजे तो भोकात सरळ शिरतो. मागे चौकोनी टोक असते, त्याला टॅप रेंच लागतो. यंत्रावरच्या रीमरचे तोंड आखूड असते. भोकात चावीची खाच असेल, तर सरळ दातांचा रीमर त्या खाचेत अडकतो. तिथे पिळाच्या दातांचा घ्यावा. आरपार भोकाला डाव्या पिळाचा रीमर बरा, कारण तो कीस पुढे ढकलतो. बंद तळाच्या भोकात कीस पुढे जायला वाटच नसते. तिथे कीस मागे आणणारा उजव्या पिळाचा लागतो. निमुळत्या पिनेसाठी निमुळता रीमर वेगळा मिळतो. त्याचा उतार पन्नासास एक असतो. आणि दुरुस्तीच्या दुकानात सर्वांत उपयोगी म्हणजे कमीजास्त करता येणारा रीमर. त्याची पाती उतरत्या खाचांत बसवलेली असतात. दोन्ही बाजूंच्या चाक्या फिरवल्या की माप थोडे थोडे वाढते.

वापरण्याची रीत तितकीच महत्त्वाची आहे. पहिला प्रश्न, रीमरसाठी धातू किती शिल्लक ठेवायचा? 20 मिलिमीटरच्या भोकाला यंत्रावर पाव मिलिमीटरच्या आसपास, हाताने करायचे तर एक दशांश किंवा त्याहूनही कमी. जास्त ठेवला तर कीस तुंबतो आणि भोक खडबडीत होते. फारच थोडा ठेवला तर दात कापीत नाहीत, नुसते घासतात, आणि धार लवकर मरते. दुसरी गोष्ट वेगाची. ड्रिलच्या निम्म्याने ते दोन-तृतीयांशापर्यंत फेरे ठेवावेत. पुढे सरकण्याची गती मात्र ड्रिलच्या दुप्पट-तिप्पट. तिसरी गोष्ट तेलाची. पोलादाला कटिंग ऑईल, ॲल्युमिनियमला रॉकेलसारखे पातळ तेल. बीड बहुधा कोरडेच करतात.

आणि चौथी गोष्ट, जिच्याकडे घाईत दुर्लक्ष होते. रीमर कधीही उलटा फिरवू नये. काढतानासुद्धा सुलटाच फिरवत बाहेर घ्यावा. उलटा फिरवला की कीस दाताच्या पाठीमागे आणि भोकाच्या अंगामध्ये सापडतो, अंगावर रेघ ओढतो आणि धारेचा कपरा उडवतो.

पुन्हा आपल्या बुशाकडे येऊ. बुश दाबून बसवला की तो आवळतो आणि आतले भोक लहान होते. म्हणून रीमर बसवल्यानंतरच करायचा, आधी नाही. दाबण्यापूर्वी बुशातले तेलाचे भोक रॉडमधल्या भोकाशी जुळवायचे; ते चुकले तर पिनेला तेल मिळत नाही. मग पाती थोडी थोडी वाढवत, प्रत्येक वेळी पिन लावून पाहत माप गाठायचे. इंजिनाच्या पुस्तिकेत मोकळीक दिलेली असते, ती पाळावी. जुन्या मिस्त्र्यांची खूण अशी, की तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सरकावी. आपणहून पडूही नये आणि हातोडीही मागू नये.

काही ठिकाणी रीमरऐवजी पॉलिश कागदाने भोक घासून वेळ भागवतात. भोक गुळगुळीत दिसते खरे, पण कागदावरचे कठीण कण बुशाच्या मऊ धातूत रुतून बसतात आणि पुढे पिनेलाच खात राहतात. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाच्या किंगपिनला वरखाली दोन बुश असतात. ते दोन्ही एका रेषेत हवेत. यासाठी लांब रीमर एका बुशात आधार घेऊन दुसऱ्यातून काढतात. दोन्ही वेगवेगळे केले, तर प्रत्येकाचे माप बरोबर असूनही पिन जाताना अडते.

आपला अहमदनगर जिल्हा, ज्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले, या कामाला परका नाही. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत मापाचे काम रोज चालते. प्रवरानगरला 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे आणखी कारखाने झाले, आणि गाळप संपले की यंत्रे उघडून दुरुस्त करण्याची रीत गावोगावच्या मुलांनी पाहिली. इंजिन पुण्यात तयार झालेले आणि पिन श्रीरामपूरच्या दुकानातली, तरी ती बसते, याचे कारण दोन्हीकडे एकच प्रमाण पाळलेले असते.

इथे शिक्षकांना एक विनंती आहे. आपल्या देशात 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, तरी जुन्या दुकानांत इंची रीमर अजून सापडतात. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर. 'एकोणीसच की' म्हणून पाऊण इंची रीमर चालवला, तर पन्नास मायक्रॉन जास्त जातात. म्हणजे मघा सांगितलेल्या मोकळिकीच्या दुपटीहून अधिक. दशांश अपूर्णांक शिकवताना हे उदाहरण फळ्यावर मांडावे. शाळेत मायक्रोमीटर असेल तर मुलांना आपल्या डोक्याचा केस मोजू द्यावा. शंभरावा भाग म्हणजे काय, ते मग त्यांना बोटांनी कळेल. यांतलाच एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या आयटीआयमध्ये जाणार आहे.

आणि शेतकरी बंधु-भगिनींनो, इंजिन दुरुस्तीला टाकाल तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा. तेलाचे भोक जुळवले का? बुश बसवल्यावर रीमर केला का? पिन लावून पाहिली का? चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही. तो पिन हातात घेऊन आपल्यासमोर सरकवून दाखवील. त्या कामाला त्याने अर्धा तास जास्त घेतला, तर घेऊ द्या, आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या.