परिषदेची तयारी : डाकार आणि आटपाडी

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात सांगली येथे केलेले भाषण)



आफ्रिका खंडातील सामाजिक संशोधकांचे एक मोठे अधिवेशन साधारणतः दर तीन वर्षांनी भरते. त्याची तयारी कशी होते, या विषयावर मी बोलावे असे संयोजकांनी सुचविले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. जत आणि माणच्या पाण्याचा प्रश्न पुढ्यात असताना सेनेगलच्या राजधानीत विद्वान मंडळी काय करतात याच्याशी आपले काय देणेघेणे? माझ्या मते देणेघेणे आहे, आणि ते पाण्याच्याच प्रश्नापाशी येऊन पोहोचते.

कोडेस्रिया या नावाने ओळखली जाणारी ही संस्था १९७३ साली डाकार येथे स्थापन झाली. कैरोत जन्मलेले मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञ समीर अमीन हे तिचे पहिले कार्यकारी सचिव. वसाहतींचे झेंडे उतरून तेव्हा दहा-बारा वर्षे झाली होती. पण घानाच्या कोकोचा भाव लंडनला ठरावा आणि तो कोको पिकविणाऱ्या शेतकऱ्याविषयीचा प्रमाणग्रंथही तिकडेच सिद्ध व्हावा, ही स्थिती बदललेली नव्हती. इंग्रजांच्या जुन्या वसाहतींतले संशोधक लंडनकडे पाहत, फ्रेंचांच्या वसाहतींतले पॅरिसकडे. शेजारच्या देशातील अभ्यासकाशी गाठ पडायची तर ती युरोपातच पडणे सोपे. ही तोंडे एकमेकांकडे वळविणे, हे या संस्थेचे पहिले काम होते.

अधिवेशनाची तयारी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मंडप, भोजन आणि स्वागताध्यक्ष उभे राहतात. तेथेही हे सारे असणारच. परंतु तेथील खरी तयारी म्हणजे प्रश्न ठरविणे. मध्यवर्ती विषय कित्येक महिने अगोदर जाहीर होतो, त्याचे पोटविषय पाडले जातात, आधी टिपणे मागविली जातात, त्यांतून निवड होऊन मग पूर्ण निबंध येतात. त्याहून महत्त्वाचे असे, की एरवीही देशोदेशी अभ्यासगट चालू असतात. एका देशातले संशोधक आपला विषय आपण निवडतात आणि त्यावर काम करतात. दुसरे गट अनेक देशांचे मिळून असतात. अधिवेशनात जे बोलले जाते त्याच्या मागे अशी आधीची मेहनत असते. शिवाय हेच अधिवेशन संस्थेची कार्यकारिणी निवडते. म्हणजे निबंध वाचणारा माणूस तेथे केवळ पाहुणा नसतो, तो मतदार असतो. इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज आणि अरबी अशा चार भाषांत संस्थेचा व्यवहार चालतो. आफ्रिकेच्या मातीतल्या भाषांपैकी अरबी वगळता एकही त्यांत नाही, हे व्यंग तेथील विचारवंतांनाही सलत आले आहे.

१९८० नंतरच्या दशकात जागतिक बँक आणि नाणेनिधी यांच्या रचनात्मक समायोजनाच्या अटींखाली आफ्रिकेतील सरकारांनी विद्यापीठांवरचा खर्च छाटला. वेतनाची किंमत उरली नाही, ग्रंथालये ओस पडली, प्राध्यापक परदेशी गेले. त्या काळात या संस्थेने संशोधकांना एकत्र धरून ठेवले, आणि समायोजनाची चिकित्सा आफ्रिकेतूनच केली. मलावीचे अर्थशास्त्रज्ञ थंडिका मकांडावीरे यांचे नाव यात प्रथम घ्यावे लागेल. १९९० च्या नोव्हेंबरात कंपाला येथे बौद्धिक स्वातंत्र्याचा आणि सामाजिक दायित्वाचा जाहीरनामा निघाला. स्वातंत्र्य आणि दायित्व हे दोन्ही शब्द एका शीर्षकात घातले, याचे मला फार अप्रूप वाटते. आपल्याकडे पहिल्या शब्दाचे भक्त दुसऱ्याला विसरतात. मात्र या कामाचा बराचसा पैसा स्वीडनसारख्या देशांकडून आणि अमेरिकन प्रतिष्ठानांकडून येत राहिला, हेही लपवून ठेवण्याचे कारण नाही. परावलंबनावर टीका करणारी संस्था देणगीवर अवलंबून असावी, ही विसंगती त्यांच्यापुढे आहे आणि उद्या आपल्यापुढेही येईल.

आता आपल्या मुलखाकडे वळू. आपल्या दोन जिल्ह्यांचा अभ्यास झाला नाही असे कोणी म्हणू नये. गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी करून ती १९४० साली प्रसिद्ध केली. त्या काळच्या मानाने काम अत्यंत काटेकोर. पण पुस्तक इंग्रजीत. ज्यांच्या जमाखर्चावर ते उभे आहे, त्या वाईच्या कुळांना त्याचा पत्ता लागला असेल असे मला वाटत नाही. त्याच वाईत पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश सिद्ध होऊ लागला आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. तेव्हा मराठीला अर्थशास्त्र पेलत नाही, ही सबब निदान सातारकरांनी तरी ऐकून घेऊ नये. दुसरे उदाहरण गेल ऑम्व्हेट यांचे. अमेरिकेत जन्मलेली ही संशोधक सत्यशोधक चळवळीचा शोध घेत इकडे आली, तिचा ग्रंथ १९७६ साली निघाला, आणि पुढे ती कासेगावचीच झाली. २०२१ साली तेथेच तिचे निधन झाले. ज्यांच्याविषयी लिहावे त्यांच्यात राहावे, हा त्यांनी घालून दिलेला दंडक होता.

पण सर्वांत मोठा धडा खानापूर तालुक्याचा आहे. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपात गावी परतलेले कामगार दुष्काळात सापडले. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, पुढच्या वर्षी दुष्काळ पडला की पुन्हा खडी फोडायची, हे चक्र त्यांना मान्य नव्हते. मुक्ती संघर्ष चळवळीने प्रश्नच बदलून विचारला : येरळेच्या खोऱ्यात पाणी किती, ते कोणत्या पिकाला जाते, आणि नदीतली वाळू उपसून कोणाचे भले होते? विज्ञान चळवळीतले तरुण आले, के. आर. दाते यांच्यासारखा अभियंता आला, शेतकरी स्वतः मोजमाप करू लागले. थोडी वाळू विकून येणाऱ्या पैशात बांध घालू द्या, अशी मागणी पुढे आली. त्यातून तांदुळवाडी-बलवडीचे बळीराजा धरण उभे राहिले. भूमिहीनालाही पाण्याचा हिस्सा, हे तत्त्व याच अभ्यासातून पुढे आले. पुढे १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या, आणि कृष्णा खोऱ्यातील तेरा दुष्काळी तालुक्यांचा हिशेब शेतकऱ्यांच्या तोंडी बसला. त्या परिषदांत निबंधांची बाडे नव्हती. तरी, डाकारला ज्याला तयारी म्हणतात ती इथे झाली होती, असे मी अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून निःशंकपणे सांगतो.

याच्या शेजारी आपल्या महाविद्यालयांतली चर्चासत्रे ठेवून पाहा. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकांची पद्धत आणली, आणि चर्चासत्रांचे पेवच फुटले. सकाळी उद्घाटन, दुपारी एकाच वेळी चार खोल्यांत पाच-पाच मिनिटांचे वाचन, सायंकाळी प्रमाणपत्र. निबंध लिहिणाऱ्या तरुणाला मी दोष देणार नाही. तासिका तत्त्वावर दोन-तीन महाविद्यालयांत धावणाऱ्या आणि सुट्टीत बिनपगारी राहणाऱ्या माणसाकडून येरळेकाठी जाऊन वर्षभर विहिरी मोजण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? आफ्रिकेच्या विद्यापीठांची जी दशा समायोजनाने केली, ती आपल्याकडे रिक्त पदांनी होत आहे. म्हणून प्राध्यापकभरतीची मागणी ही केवळ शिक्षक संघटनेची मागणी समजू नका. तीत शेतकऱ्याचाही स्वार्थ आहे.

तर मग आपण काय करावे? १९४९ ते १९६० या काळात सांगली जिल्ह्याचे नावच दक्षिण सातारा होते. तेव्हा दोन्ही जिल्ह्यांची मिळून एक परिषद घ्यायची, हे ओघानेच आले. पण तारीख आणि मंडप आधी ठरवू नका. आधी माण, खटाव, आटपाडी, जत आणि कोयनेच्या विस्थापितांची गावे, असे पाच गट करा. प्रत्येकात एक महाविद्यालयीन शिक्षक, एक पदवीधर विद्यार्थी आणि गावातली किमान दोन माणसे, त्यांतली एक स्त्री, असावी. प्रश्न एकच द्या : टेंभू, म्हैसाळ आणि उरमोडी या योजनांचे पाणी प्रत्यक्षात कोणाच्या शेतात पोहोचते, वीजबिलाचा बोजा कोणावर पडतो, आणि ऊस किती पितो? २०१९ च्या ऑगस्टात सांगली शहर पुराखाली होते आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात माणसे पावसाची वाट पाहत होती. या घटनेचा हिशेब मांडायला कोणी डाकारहून येणार नाही.

निबंध मराठीत लिहावेत. इंग्रजी सारांश मागाहून करता येईल. ते परिषदेच्या महिनाभर आधी ज्या गावाचे आहेत त्या गावच्या चावडीवर वाचून दाखवावेत आणि तेथे निघालेल्या दुरुस्त्या छापील प्रतीत घालाव्यात. पैशाचे म्हणाल, तर साखर कारखान्याकडे जाऊ नये, कारण उसाच्या पाण्याचा प्रश्न त्यांनाच विचारायचा आहे. घरटी पाच रुपये गोळा करणे मंद असेल, पण ते करताना पाहणीचे अर्धे काम होऊन जाते. प्रत्येक गटाने येत्या महिन्यात आपल्या तालुक्यातील लाभक्षेत्राचे नकाशे आणि तलाठ्याकडील पीकपाहणीचे उतारे मिळवावेत. अर्जाचा नमुना मी लिहून आणला आहे, तो सभेनंतर घेऊन जावा.