बाग आणि रविवार



कामगार संघटनेत आयुष्य घातलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत बागांवर बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. आमच्याकडून आपण बोनस, महागाई भत्ता, फार तर संप, एवढीच अपेक्षा करता. पण बाग पाहायला जायचे तर आधी एक गोष्ट हाताशी लागते, ती म्हणजे मोकळा दिवस. आणि मोकळा दिवस हा तर आमचाच विषय आहे.

इंग्लंडातल्या उमरावांच्या जुन्या बागा दाखवणाऱ्या दोन-तीन दिवसांच्या सहली निघतात. बरोबर माहितगार असतो. हिरवळ, तळी, वळणावळणाच्या वाटा पाहून मन निवते. परंतु काही बागांची हकिकत त्या हिरवळीखालीच गाडलेली आहे. डॉर्सेट परगण्यात लॉर्ड मिल्टन नावाचा जमीनदार होता. त्याच्या वाड्याशेजारी बाजारपेठेचे नांदते गाव होते. ते त्याच्या डोळ्यांत खुपले. 1770 नंतर त्याने ते हळूहळू पाडले आणि थोड्या अंतरावर दरीत एकसारख्या घरांची ओळ बांधून दिली. या बेतात केपेबिलिटी ब्राऊन हा त्या काळचा नामांकित उद्यानकार त्याचा सल्लागार होता. गाव होते तिथे देखावा आला. माहितगाराने हे सांगितले नाही, तर आपण बाग अर्धीच पाहिली म्हणायचे.

पण आपल्याला विलायतेस जाण्याचे कारण नाही. साहेबाच्या राज्यात उभी राहिलेली एक जुनी बाग एका रात्रीच्या प्रवासावर आहे. अमरावतीहून संध्याकाळी गाडीत बसावे, अकोलेकरांनी वाटेत चढावे, सकाळी दादरला उतरून लोकलने भायखळा गाठावे. स्टेशनापासून थोडे पूर्वेला चालले की राणीची बाग लागते. बुधवारी मात्र जाऊ नये, त्या दिवशी ती बंद असते.

ही बाग 19 नोव्हेंबर 1862 रोजी उघडली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला होता, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत पैसा खेळत होता, तो हा काळ. पुढे आगगाडी अकोला-बडनेऱ्यापर्यंत आली. वऱ्हाडचा कापूस जिनातून निघून गासड्यांनी मुंबईला जाऊ लागला. काही समुद्रापार गेला, काही मुंबईच्या गिरण्यांत. 1873 साली बाग नगरपालिकेकडे आली, म्हणजे कायद्याने लोकांची झाली.

आता विचार करा. बाग लोकांची झाली, पण जवळच्या गिरणीतला माणूस तिथे जाणार कधी? उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत तो साच्यापुढे उभा. आठवड्याची सुट्टी त्याला ठाऊकच नव्हती. बाग होती, पाय होते, दिवस नव्हता.

हा दिवस मिळवला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते जोतीराव फुल्यांचे अनुयायी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. 1884 साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन गेले. त्यातली पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. दुसरी, दुपारी अर्ध्या तासाच्या विसाव्याची. 24 एप्रिल 1890 रोजी सुमारे दहा हजार कामगार सभेला जमले आणि त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी मालकांच्या संघाने रविवार मान्य केला. बाग उघडल्यापासून अठ्ठावीस वर्षांनी गिरणी कामगाराला तिच्या दारापर्यंत जाण्याचा दिवस मिळाला. माझ्या लेखी ती सार्वजनिक झाली ती त्या दिवशी.

1969 सालापासून तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. तिथे गेल्यावर पिंजऱ्यांकडे धावण्याआधी झाडे पाहावीत. गोरखचिंचेचे पिंपासारखे खोड पाहावे. कैलासपतीचे फूल हातात घेऊन पाहावे, शाळिग्रामासारखा गोल गाभा आणि वर फणा दिसतो. ब्रह्मदेशाकडची उर्वशीही तिथे आहे. ज्या काळ्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिले, तोही तिथेच संग्रहालयाबाहेर उभा आहे. 1864 साली तो विलायतेस न्यायचा घाट घातला गेला, उचलताना फुटला, म्हणून आपल्याकडे राहिला. माहितगाराने हे सारे दाखवावे, आणि आळी करणारा, पालापाचोळा गोळा करणारा माळीही दाखवावा. झाडावर नावाची पाटी असते, माळ्याच्या नावाची कुठेच नसते.

2017 साली या बागेचे तिकीट पाच रुपयांचे पन्नास झाले. आईबाप आणि दोन मुले मिळून शंभर. आपल्यातल्या कित्येकांना ही रक्कम किरकोळ वाटेल. रोजंदारीवरची बाई मात्र दारापाशी उभी राहून हिशेब करते.

आणि आपल्या वऱ्हाडात तर प्रश्न तिकिटाच्याही अलीकडे आहे. हंगाम सरला, जिन बंद पडले, की रेच्यावरचा माणूस महिनोन्‌महिने घरी बसतो. लोक म्हणतात, बरे आहे, सुट्टी मिळाली! बंधूंनो, ती सुट्टी नव्हे, बेकारी आहे. सुट्टीत माणूस निश्चिंत असतो, कारण चूल पेटणार हे त्याला ठाऊक असते. 1948 च्या कारखाने कायद्याने पगारी रजा दिली, पण वर्षात 240 दिवस भरण्याची अट घातली. 2020 च्या संहितेत ती 180 दिवसांवर आली. ज्याचा हंगामच चार-पाच महिन्यांचा, त्याने तेही कुठून भरावेत? म्हणजे ज्याच्या हातून कापूस गेला, त्याच्या वाट्याला ना पगारी रजा, ना बाग.

म्हणून माझी मागणी साधी आहे. हंगामी कामगाराला केलेल्या दिवसांच्या प्रमाणात पगारी रजा मिळावी. आणि आपल्या गावच्या संस्थांनी वर्षातून एकदा तरी जिन, डाळ मिल, तेल गिरणी आणि हॉटेल यांतल्या कामगारांना मुलाबाळांसह, चांगला माहितगार बरोबर देऊन, दोन दिवस बाग दाखवायला न्यावे. यात दानधर्म नाही. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार वऱ्हाडपर्यंत आणायचा एवढेच काम आहे. ते आपण सर्वांनी मनावर घ्यावे अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.