कॉलरची गुंडी

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी काही साहित्याचा अभ्यासक नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो. रस्ते आणि पूल हे माझे काम. तरीही आज एका इंग्रजी कादंबरीवर बोलणार आहे, कारण तिचा एक धागा आपल्या इंदूरच्या शेजारी, देवासला जुळलेला आहे.

ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज लेखक १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस होते. तिथल्या मराठी दरबारातली गोकुळाष्टमी त्यांनी डोळ्यांनी पाहिली. १९२४ साली त्यांची ‘अ पॅसेज टू इंडिया’ प्रसिद्ध झाली, तिच्या शेवटच्या भागात तोच उत्सव आला आहे. त्यात आपले एक प्रोफेसर गोडबोले आहेत आणि ते तुकोबांचे नाव घेत भजनात रंगून जातात!

कादंबरीचा प्रश्न साधा आहे: इंग्रज आणि हिंदी माणूस यांची मैत्री होऊ शकते का? गावचा कलेक्टर दोन्ही समाजांत पूल बांधण्यासाठी ‘ब्रिज पार्टी’ देतो. पण हिरवळीच्या एका बाजूला साहेब लोक, दुसऱ्या बाजूला आपले लोक. ज्या क्लबात ही पार्टी होते, तिथे एरवी हिंदी माणसाला पाहुणा म्हणूनही प्रवेश नाही. पुलाला दोन्ही तीरांवर आधार लागतो, हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. इथे एका तीराने आधार द्यायचाच नाही असे ठरवले होते.

त्यातला एक छोटा प्रसंग मला फार लागला. डॉक्टर अझीझ हे फील्डिंग नावाच्या इंग्रज प्राचार्यांकडे चहाला जातात. फील्डिंगच्या कॉलरची गुंडी तुटते. अझीझ स्वतःच्या कॉलरची मागची गुंडी काढून त्यांना देतात, वर ‘जास्तीची होती’ अशी थापही मारतात. नंतर तरुण मॅजिस्ट्रेट रॉनी अझीझची वर चढलेली कॉलर पाहतो आणि निकाल देऊन टाकतो, की हिंदी माणूस असाच गबाळा. जे औदार्य होते, त्याची नोंद झाली गबाळेपणा अशी. पुढे अझीझवर खोटा आळ येतो, तेव्हा खटल्याआधीच साहेब लोकांनी त्याला दोषी ठरवलेले असते, यात नवल ते काय?

हे वाचून मी साहेबाला नावे ठेवणार होतो. पण एक गोष्ट आठवली. आमच्या कामावर रोजंदारीचा एक मजूर तीन दिवस आला नाही. मी हजेरीपटावर शेरा मारला, ‘कामचुकार’. चौथ्या दिवशी कळले, सोबतच्या मजुराच्या बायकोला घेऊन तो दवाखान्यात बसून होता. मी विचारलेच नव्हते. त्या शेऱ्यावर त्याची पुढची हजेरी थांबली होती. ती मी सुरू करून घेतली, पण तीन दिवसांची मजुरी गेली ती गेलीच.

खुर्चीचा स्वभावच असा आहे. समोरच्याने उत्तर द्यायची सोय नसली, की आपला अंदाज हाच पुरावा होतो. फॉर्स्टरनी साहेबांना राक्षस केलेले नाही. रॉनी कष्टाळू आहे, प्रामाणिकही आहे. भीती त्याचीच वाटते. शेवटी अझीझ आणि फील्डिंग दोघांनाही मैत्री हवी असते, पण राज्य एकाचे असेपर्यंत ती जमत नाही.

साहेब गेले. आपला मंडप घालणारे, वीज जोडणारे, ढोल वाजवणारे हात मात्र दरवर्षी तेच असतात. त्यांतल्या किती जणांची नावे आपल्याला माहीत आहेत? महाप्रसादाच्या दिवशी त्यांची पाने मागच्या दाराशी मांडली जातात, हे आपण सगळेच पाहतो. यंदा ती मुख्य पंगतीत मांडावीत, एवढी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. वाढायला मी उभा राहीन.

गणपती बाप्पा मोरया!