उन्हाची गोडी, नावाची किंमत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गझल लिहिणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. शेरात साकी असतो, प्याला असतो, मैखाना असतो. मग तुम्ही घेता का? मी घेत नाही. आमच्या घरात ती कधी आली नाही. फारसी-उर्दू कवितेतली मदिरा बहुतेक वेळा प्रेमाची, बेहोशीची, बंडाची भाषा असते. फारसीत तिला ‘दुख्तर-ए-रझ’ म्हणतात, म्हणजे वेलीची लेक. माधव जूलियनांनी उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, तेव्हा एका पुस्तकाचं नावच ‘द्राक्षकन्या’ ठेवलं. ऐंशीच्या दशकात आपल्या नारायणगावहून फेसाळती वाइन परदेशी जाऊ लागली, तिच्या बाटलीवरही ‘ओमर खय्याम’ हेच नाव होतं. कवींनी या लेकीचं कौतुक शेकडो वर्षं केलं. तिला वाढवणाऱ्या बागवानाची विचारपूस मात्र फार कमी जणांनी केली. आज त्याच्याविषयी बोलावं म्हणतो. दक्षिण फ्रान्सच्या बागवानाविषयी, आणि त्याची गोष्ट ऐकून आपल्या नंदुरबारकरांनी काय घ्यावं, त्याविषयी.

फ्रान्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धुकं आणि थंडी येते. पण त्या देशाची दक्षिण बाजू भूमध्य समुद्राला लागून आहे. लांगदोक, रुसियों, प्रोव्हान्स आणि रोन नदीच्या खोऱ्याचा खालचा भाग, हा सगळा मुलूख उन्हाचा. उन्हाळे कोरडे, जमीन खडकाळ, झुडपं काटेरी आणि सुगंधी. सुमारे सव्वीसशे वर्षांपूर्वी ग्रीक दर्यावर्दींनी तिथे मार्सेय शहर वसवलं आणि द्राक्षवेलही आणली.

नंदुरबारच्या माणसाला ऊन समजावून सांगायला नको. गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची पसरलेली असते, ती उन्हाच्याच भरवशावर. द्राक्षाच्या मण्यात ऊन म्हणजे साखर. खमीर ती साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. जितकी साखर जास्त, तितकी वाइन कडक. पण ऊन एका हातानं देतं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतं. मणी जसा गोड होतो, तसा त्याचा आंबटपणा उतरत जातो. आंबटपणा गेला की वाइन चिंच न घातलेल्या चटणीसारखी लागते. म्हणून उष्ण प्रदेशातल्या बागवानाची सगळी धडपड गोडीबरोबर आंबटपणा टिकवण्याची असते. तो उंचावरची जागा शोधतो, समुद्राची झुळूक शोधतो, रात्री किंवा पहाटे तोडणी करतो, रस लगेच थंड करतो. ग्रनाशसारखी ऊन सोसणारी जात लावतो. वेल मांडवावर न चढवता झुडपासारखी बुटकी ठेवतो, कारण रोन खोऱ्यातून ‘मिस्त्राल’ नावाचा वारा सोसाट्यानं येतो. हा वारा झोडपतो खरा, पण पानं कोरडी ठेवून बुरशीही आवरतो.

रुसियोंची युक्ती आणखी वेगळी. रस आंबत असतानाच त्यात अर्क ओतायचा. खमीर मरतं आणि उरलेली साखर तशीच राहते. मग ती वाइन गोडच राहते. ही रीत तेराव्या शतकातल्या आर्नो द विलनव या वैद्याच्या नावावर सांगतात. अर्क काढण्याची विद्या युरोपात पोहोचली ती मोठ्या प्रमाणात अरबी ग्रंथांतून. ‘अल्कोहोल’ हा शब्दही मुळात अरबी ‘अल-कुह्ल’, म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा. शब्दांचे प्रवास असे गमतीचे असतात.

आपल्या नाशिकच्या बागवानाला याहून निराळं गणित सोडवावं लागतं. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून वर्षात दोनदा छाटणी: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून, आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, घड यावेत म्हणून. फ्रान्समध्ये तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरात, आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे कडक ऊन लागायच्या आत.

इथवर ही ऊन आणि वेलीची गोष्ट झाली. आता भावाची गोष्ट.

१८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्सच्या वेलींची मुळं खाल्ली. बागाच्या बागा वाळल्या. शेवटी अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम करून त्या पुन्हा उभ्या राहिल्या. आपल्याकडे द्राक्षबागायतदार खारं पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून ‘डॉगरिज’चा खुंट वापरतात, तोही अमेरिकेचाच. पण मधल्या टंचाईच्या काळात व्यापाऱ्यांना वाईट सवय लागली होती. पिळलेल्या चोथ्यावर पाणी आणि बीटची साखर घालून पुन्हा ‘वाइन’ काढायची. जोडीला फ्रेंच राजवटीखालच्या अल्जीरियातून स्वस्त वाइन येत होती. बागा सावरल्यावर माल उदंड झाला आणि भाव कोसळला. ज्याच्या शिवारात सगळ्यात जास्त ऊन, सगळ्यात जास्त पीक, तोच कर्जात बुडाला. दक्षिणेची वाइन म्हणजे स्वस्तातला माल, असा शिक्काही बसला.

मार्च १९०७ मध्ये आर्जेलिए या गावातून सत्त्याऐंशी शेतकरी पायी निघाले. त्यांचा पुढारी मार्सेलां आल्बेर हा गावात कॅफे चालवणारा, थोडी बाग असलेला माणूस. त्यानंतर रविवारमागून रविवार सभा झाल्या आणि ९ जूनला मोंपेलिए शहरात पाच लाखांहून अधिक लोक जमले. सरकारनं फौज पाठवली. नारबॉनमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली. मग सतराव्या पलटणीच्या शेकडो शिपायांनी बंड केलं, कारण ते त्याच भागातले, शेतकऱ्यांचीच पोरं होती. महिना संपायच्या आत साखर-पाण्याच्या भेसळीविरुद्ध कायदा झाला.

श्रोतेहो, या लोकांची मुख्य मागणी काय होती, ते लक्षात घ्या. ते म्हणत होते, वाइन म्हणून जे विकता ते द्राक्षाचंच असू द्या. म्हणजे भांडण शब्दाच्या खरेपणाचं होतं. कवी म्हणून मला ते फार जवळचं वाटतं.

कायद्यानं भेसळीला आळा बसला, पण नाव मिळालं नाही. ते पुढच्या पिढीनं मिळवलं. रोन काठच्या शातोनफ-द्यु-पाप या गावच्या बागायतदारांनी १९२०च्या दशकात बॅरन लरुआ यांच्या पुढाकारानं स्वतःलाच नियम लावून घेतले. कोणत्या जाती लावायच्या, छाटणी कशी करायची, वाइनमध्ये किमान किती अल्कोहोल हवं, खराब मणी निवडून टाकायचे. आणि जमीन कोणती? जिथे लव्हेंडर आणि थाइम या दोन रानवनस्पती वाढतात ती. या दोन झुडपांना निकृष्ट, कोरडी जमीनच मानवते. ज्या जमिनीत दुसरं काही धड येणार नाही, तीच त्यांनी मानाची ठरवली. १९३५ साली असा उगमाचा कायदा देशभर झाला आणि पहिल्या काही नावांत हे गाव होतं. बाहेरच्यानं ते नाव वापरायचं नाही आणि आतल्यानं नियम मोडायचा नाही. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड असते.

महाराष्ट्रानं २००१ साली वाइनसाठी धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झाला, नाशिकच्या वाइनला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी २००८च्या मंदीनंतर द्राक्षांना उठाव राहिला नाही आणि अनेक शेतकऱ्यांनी वेली उपटल्या. नुसत्या शिक्क्यानं भाव टिकत नाही, हे तेव्हा दिसलं. शिक्क्यामागे गावानं एकत्र बसून पाळलेली शिस्त लागते.

आता आपलं शिवार. सातपुड्यात धडगाव, अक्कलकुव्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात आणि बाया-पोरं ती वेचतात. त्या फुलातही उन्हाची साखरच असते. त्या फुलाला मात्र मानाऐवजी संशय मिळाला. मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहफुलांवर कायदा झाला होता. महाराष्ट्र सरकारनं मोहफुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले ते २०२१ मध्ये. नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशानं मोहाच्या मद्याला वारशाचा दर्जा दिला आणि अलीराजपूरकडे ते बाटलीत भरलं जाऊ लागलं.

इथे मी सावधपणे बोलतो. याच जिल्ह्यात, शहाद्याला, १९७०च्या दशकात आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली होती. त्यांनी संसाराची राखरांगोळी पाहिली होती. त्यांचा राग खरा होता आणि आजही खरा आहे. म्हणून मी दारूचा कैवार घेत नाही. मोहाचे लाडू होतात, मनुकांसारखी वाळवलेली फुलं खाता येतात, बियांचं तेल निघतं. फुलाचं काय करायचं, हे वेचणाऱ्या बाईला विचारून ठरावं, इतकंच माझं म्हणणं आहे.

नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आपली मिरची बाजारात नावाजलेली आहे. पण पोत्यावर नंदुरबारचं नाव आणि आत कुठलाही माल, असं झालं तर ते चोथ्यावरच्या पाण्यासारखंच होईल. आपल्या मिरचीचं लव्हेंडर कोणतं, थाइम कोणतं, हे आपल्यालाच बसून ठरवावं लागेल. कोणतं शिवार, कोणतं बियाणं, किती दिवसांचं ऊन.

घाईही आहे. २८ जून २०१९ रोजी दक्षिण फ्रान्समध्ये पारा सेहेचाळीस अंशांवर गेला आणि आगीची धग लागावी तशी वेलींची पानं नि घड करपले. ज्या उन्हानं त्यांना नाव दिलं, तेच आता परीक्षा घेतं आहे. आपल्याकडे ते निम्म्यानं तरी कमी होईल, अशी आशा कुणी धरू नये. तेव्हा येत्या हंगामात पथारीवर मिरची पसरताना किंवा मोह वेचून आणल्यावर गावात एक बैठक घ्या. आपला माल कोणत्या नावानं जातो आणि त्या नावासाठी आपण काय पाळायला तयार आहोत, एवढे दोनच विषय ठेवा. आर्जेलिएहून निघालेली माणसं सत्त्याऐंशीच होती.